माठाखालची किंगरी

मोहाची फुलं पडायला लागली की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, काय तो वास, काय ती पहाट, झाडाखाली कसा पिवळट सडा! असेल. मी नाही म्हणत नाही. शहापूरहून निघालेली एसटी डोळखांबच्या रस्त्याला लागते, उघड्या खिडकीतून तो गोड, जड, थोडा आंबूस वास आत येतो, शेजारची बाई डोळे मिटून घेते आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. यंदाही उडाली. मी खिडकी लावून घेतली. कंडक्टर म्हणाला, "बाई, उकडतंय, उघडी ठेवा की." मी म्हटलं, "उकडू दे."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मुरबाडला माहेरी वडील म्हणायचे, ही पोरगी बोलत नाही, फटाक्याची माळ लावते. भाताच्या पेंढ्या मोजणाऱ्या माणसाशी भांडले, एसटीच्या चेकरशी भांडले, लग्नात बोहल्यावर भटजींशीसुद्धा शब्दाला शब्द झाला. या रागाचा मला बरीच वर्षं अभिमान होता. अन्याय दिसला की आपण गप्प बसत नाही, असं मी स्वतःला समजावत असे. त्या एका मोहाच्या हंगामात मी एकदा गप्प बसले आणि एकदा बोलले, आणि दोन्ही वेळा चुकले. म्हणून तो वास मला सोसत नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मधली वर्षं. बारावी झाल्यावर मला डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पोटातल्या एका पाड्यावर बालवाडीची बाई म्हणून नेमलं होतं. तीसेक घरं, कुडाच्या भिंती, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं आणि त्यावर राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या. मार्च उलटला की डोंगर तपकिरी व्हायचा, त्यात पळस तेवढा पेटल्यासारखा दिसायचा. नाचणी-भात घरात आलेलं, विटभट्टीवर गेलेली माणसं लग्नकार्यापुरती परतलेली. म्हणजे लग्नसराई. आणि लग्नसराई म्हणजे गोमाबाबा.

गोमाबाबा किंगरी वाजवायचे. किंगरी म्हणजे आपली गावठी सारंगी म्हणा, एकाच तारेची. तरुणपणी कुणी फिरता गोसावी पावसात अडकून त्यांच्या घरी चार महिने राहिला, त्याच्याकडून शिकले. मी पुढे शहरात व्हायोलिनवाल्याची पेटी पाहिली. आत मखमल, गजाला वेगळा कप्पा, राळेला छोटी डबी. गोमाबाबांचं सगळं सामान जुन्या खाकी पँटीच्या एका पायाचं शिवलेल्या पिशवीत मावायचं. पण त्यातल्या एकेका वस्तूमागे त्यांनी जी तंगडतोड केली होती, ती त्या मखमलीवाल्यानं जन्मात केली नसेल.

पोटाला अर्धी करवंटी, तीही दोन डोळे बुजलेल्या नारळाची. दांडी बांबूची, डोंगराच्या सावलीच्या अंगाला वाढलेल्या. तार पूर्वी आतड्याची असायची म्हणे. पुढे सायकलच्या दुकानातून ब्रेकची जुनी वायर आणायची, तिचा पीळ उलगडायचा आणि त्यातली मधली एकच तार घ्यायची. तारेखाली चपटी बांबूची चीप, तिला घोडी म्हणतात. गजाचे केस मात्र घोड्याचेच. त्यासाठी बाबा पायी आसनगाव स्टेशनावर जायचे, तिथे तेव्हा अजून टांगे होते. "घोडा पायजे, घोडी नाय चालत. घोडीचा शेपूट मुतानं भिजतो, केस नरम पडतं," असं ते भर स्टेशनात मोठ्यानं सांगायचे आणि टांगेवाला लाजायचा. तंबाखूच्या डबीत राळेचा खडा. दुकानातली राळ त्यांना पसंत नव्हती, ते तीत जंगलातल्या कुठल्याशा झाडाचा डिंक वितळवून घालत. झाडाचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, तुमी लिवून ठेवाल."

आणि कातडं. करवंटीच्या तोंडावर ताणून बसवलेलं, तळहाताएवढं. किंगरीची सगळी इज्जत त्या तळहातात. आमच्या भागात कातडं घोरपडीचं असलं तरच किंगरी खरी मानत, बाकीची बकरीची, पोरखेळ. बाबांच्या कातड्यावर बारीक बारीक दाणे होते, ओळीत उमटलेले, बोट फिरवलं की कळायचे. लग्नघरी एक रीतच पडली होती. बाबा मांडवात येऊन मेढीला टेकून बसत. निखाऱ्यावर किंगरी लांबून शेकत, गजाला राळ लावत, आणि मग नुसते बसून राहत. कितीही आर्जवं करा, वाजवायचे नाहीत. शेवटी कुणीतरी पुढे होऊन विचारायचं, "बाबा, कशाचं कातडं?" तेव्हा ते मान वर करून साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "घोरपडीचं! माहुलीच्या कड्यावरची. धरलं तं सोडायची नाय!" मांडव हसायचा, बायका गाणं उचलायच्या आणि गज तारेवर पडायचा. हा प्रश्न आणि हे उत्तर झाल्याशिवाय त्या डोंगरात कुणाचं लग्न लागलं नसेल.

ते कातडं घोरपडीचं नव्हतं, हे मला माहीत होतं.

पाड्यावरच्या दुसऱ्याच वर्षी, होळीच्या आधी, पोरांची वजनं करायला मी घरोघरी हिंडत होते. चांगीआई, म्हणजे गोमाबाबांची बायको, मागल्या अंगणात बसली होती. पुढ्यात करडाचं ओलं कातडं, राखेनं घासून पांढरंशुभ्र केलेलं. तिनं त्यावर तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घातली आणि वर पाटा ठेवला. मी बघतच राहिले. रोवळी उचलल्यावर कातड्यावर विणीचे बारीक दाणे उमटले होते, हुबेहूब घोरपड. चांगीआईनं माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. मीही हसले. मला वाटलं, नवराबायकोची मिळून चाललेली ही गंमत आहे. म्हातारा मांडवात शेखी मिरवतो, म्हातारी मागल्या अंगणात ती बनवून देते. मला ते दोघं फार आवडले.

एवढंच मला माहीत होतं, आणि तेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या वर्षी चैत्रात पाड्यावरच्या एका मुलाची वरात टेंपोतून मुरबाडच्या बाजूला निघाली. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. मीही होते, कारण नवरदेवाची बहीण माझी मदतनीस होती. वाटेतल्या जंगलनाक्यावर गाडी थांबवली. मोहाची दारू शोधत होते म्हणे. कळश्या हुंगल्या, बोचकी उचकली, काही सापडलं नाही. मग एका गार्डाची नजर बाबांच्या पिशवीतून बाहेर आलेल्या दांडीवर गेली. त्यानं किंगरी बाहेर काढली, उलटीपालटी केली आणि सहज, अगदी थट्टेनं विचारलं, "काय रे बाबा, कशाचं कातडं?"

दुसऱ्या कुठल्याही शब्दांत विचारलं असतं तर बाबा गप्प बसले असते. जंगलवाल्यांपुढे काय बोलायचं आणि काय नाही, हे डोंगरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण तो प्रश्न मांडवातला होता, शब्दाला शब्द तोच. बाबांची मान आपोआप वर गेली. टेंपोत उभे राहून, छाती काढून, साऱ्या वरातीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "घोरपडीचं! माहुलीच्या कड्यावरची. धरलं तं सोडायची नाय!"

वरात सवयीनं हसली. गार्डही हसला. पण नाक्यातल्या खुर्चीवर बसलेला त्याचा साहेब हसला नाही. घोरपड मारणं गुन्हा, कातडं बाळगणं गुन्हा, खाली उतरा, पंचनामा. साहेबानं कातड्यावर बोट फिरवलं, दाणे लागले. त्याचं समाधान झालं. मग पंच म्हणून सही करणारं कुणी हवं होतं. सगळी वरात अंगठेवाली नाहीतर घाबरलेली. "बालवाडीच्या बाई आहेत ना?" कुणीतरी म्हणालं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, रोवळी आहे ती, पाणी लावून बघा, एवढं एक वाक्य. पण टेंपोत सगळे सोयरे बसलेले, नवरदेव बाशिंगात घामाघूम झालेला, आणि बाबा असे ताठ उभे होते जणू साहेबानंच त्यांना मान दिला. त्यांच्या उत्तराला मी सगळ्यांदेखत खोटं कसं पाडू? म्हटलं, एक-दोन दिवसांनी जंगलखात्याच्या कचेरीत जाऊन गुपचूप मिटवू. "पंचांसमक्ष घोरपडीसदृश कातडे लावलेले एक वाद्य" असं काहीतरी साहेबानं सांगितलं ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. मी लिहीत असताना ताडपत्री करकचून बांधलेला एक भला मोठा ट्रक नाक्यावरून पुढे गेला. त्यात काय होतं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला तो कुणी थांबवलाच नाही. दांडा वर उचलला, ट्रक गेला, दांडा खाली आला. एका म्हाताऱ्याच्या तळहाताएवढ्या कातड्यासाठी मात्र चार माणसं, एक टेबल आणि कार्बन पेपर. आजही ते आठवलं की मला तळपायापासून चढत जातं.

बाबांना सोडलं, किंगरी ठेवून घेतली. ते लग्न वाजंत्र्यांविना लागलं.

पुढचा महिना आठवतो तो उन्हाचा आणि फेऱ्यांचा. मोहाची फुलं संपली, झाडांना तांबूस पालवी आली. करवंदांनी आधी हिरवा आणि मग काळा रंग धरला. आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत, कारकून लग्नाला गेलाय. बाबांच्या नातीचं, सोनीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बाबांनी तिला ती रांगत होती तेव्हापासून सांगितलं होतं, तुझ्या मांडवात मी सकाळपासून ऊन उतरेस्तवर वाजवीन. पोरगी रोज मला विचारायची, "बाई, आज्याची किंगरी कवा देतील?" मी म्हणायचे, देतील गं. मनातल्या मनात त्या कचेरीला शिव्या घालायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी चांगीआई बालवाडीत आली. पोरं खिचडी खात होती. ती दाराशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुला ठावं हाय ते कातडं कोनचं. लिवून दे त्यांना, करडाचं हाय म्हणून. किंगरी सुटंल."

"देते की. आधीच द्यायला पाहिजे होतं."

"पन त्यांच्याम्होरं नको," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला भायेर बशीव. मंग काय ते सांग."

मी हो म्हटलं. म्हाताऱ्याची लाज राखायची, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. तिनं दोनदा बजावलं होतं, हे मला नंतर आठवलं.

कचेरीत गेलो. बाबांना मी बाहेर चिंचेखाली बसवलं. आत साहेबानं किंगरी मागवली. कारकून कोपऱ्यात गेला आणि पाण्याच्या माठाच्या तिवईखालून तिला ओढून काढलं. महिनाभर ती तिथे होती. माठ पाझरत होता, थेंब थेंब तिच्या तोंडावर पडत होता. तार गंजून लाल झालेली, गजाचे केस उंदरांनी अर्धे नेलेले. जप्त केलेला मुद्देमाल म्हणे! गुन्ह्याचा पुरावा म्हणे! घरातला केरसुणीचा कोपरासुद्धा आपण यापेक्षा नीट ठेवतो. मी आतल्या आत उकळायला लागले.

साहेबानं कातड्यावर बोट फिरवलं. मग अंगठा फिरवला. मग चष्मा लावला. दाणे गेले होते. पाण्यानं कातडं फुगून पुन्हा साधं, गुळगुळीत झालं होतं. साहेबाचा चेहरा बदलला. "हे ते कातडं नाही," तो म्हणाला. "कोणी बदललं? हा म्हातारा इथे येऊन गेला होता का? पुरावा बदलणं वेगळा गुन्हा आहे, माहीत आहे ना?" कारकून स्वतःची मान सोडवायला म्हणाला, "साहेब, म्हातारा चारदा आला होता खरा. ही बाईपण बरोबर होती."

झालं. माळेला काडी लागली. मला माठ दिसत होता, गंजलेली तार दिसत होती, तो ताडपत्रीचा ट्रक दिसत होता. मी टेबलावर हात आपटला. "कोणी काही बदललेलं नाही! ते पहिल्यापासून करडाचंच आहे! रोवळी दाबून दाणे उमटवलेत त्याच्यावर, रोवळी! तुमच्या माठानं ते घालवले! घोरपड कोण, बकरी कोण ते ओळखता येत नाही आणि निघालात माणसांवर केसी करायला!" आणखीही पुष्कळ बोलले. किती मोठ्यानं बोलत होते ते मला कळत नव्हतं. आधी कारकून हसला, मग शिपाई, मग साहेबसुद्धा. "रोवळी!" साहेब डोळे पुसत म्हणाला. "लिहून द्या बाई, आत्ताच्या आत्ता मोकळं करतो."

मी लिहून दिलं. सही केली. किंगरी घेऊन वळले तर बाबा दारात उभे होते. माझा आवाज चिंचेपर्यंत गेला होता, त्यापुढेही गेला असेल.

  एसटीच्या थांब्यावर मी किंगरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कातड्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. "ही माझी नाय," ते म्हणाले. "माझी घोरपडीची व्हती. यांनी बदली केली. आन तू त्यांच्या बाजूनं बोललीस."

"बाबा, असं काय करता? तुम्हाला माहीत नाही का?"

"मला माझी वळकते," ते म्हणाले आणि गाडीची वाट न बघता उन्हातून चालायला लागले.

सोनीच्या लग्नात भाड्याचा कर्णा लावला, कॅसेटी लावल्या. बाबा मांडवात मेढीला टेकून नुसते बसले होते. कुणी काही विचारलं नाही. मला त्यांची दया यायच्या आधी राग आला. एवढा कसला अहंकार म्हाताऱ्याला! खोटं पकडलं गेलं तर हसून सोडून द्यावं, लोक हसले असते आणि विसरलेही असते. नातीला दिलेला शब्द मोडला, पण आपली शेखी मोडली नाही. असं मी मनाशी म्हणाले, आणि पुढची दहा-अकरा वर्षं म्हणत राहिले.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी शहापुरात आले. किंगरी माझ्या घरी खिळ्याला राहिली. वैशाखात कातडं ताणलं जाऊन दुपारी कधी तार आपोआप हलकीच वाजते, नवरा म्हणतो पाल असेल. बाबा मात्र दर वर्षी मोहाच्या दिवसांत त्या कचेरीत जायचे. पायरीवर उभं राहून म्हणायचे, "माझी घोरपडीची किंगरी द्या." साहेब बदलले, कारकून बदलले, नव्यांना जुन्यांनी सांगून ठेवलं होतं, हा वेडा म्हातारा आहे, हसायचं आणि पाणी देऊन घालवायचं. माझ्या कानावर यायचं आणि माझा संताप व्हायचा, हसणाऱ्यांचा, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. नाटक तरी किती वर्षं करायचं माणसानं?

यंदा फाल्गुनात चांगीआई डोळे दाखवायला शहापूरच्या दवाखान्यात आली आणि माझ्या घरी उतरली. आता पुढचे दातच काय, मागचेही नाहीत. चहा पिताना तिला खिळ्यावरची किंगरी दिसली. ती उठली आणि तिनं कातड्यावर अंगठा फिरवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, बाबांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. तुम्ही दोघांनीच तर ते दाणे उमटवले होते."

"दोघांनी?" ती म्हणाली. "त्यांना कुठं ठावं हाय?"

मला कळेना. तिनं खाली बसून सांगितलं. ती नवी नवरी असताना बाबांनी कड्यावरून घोरपड आणली होती, आख्खं कातडं वाळवून हिच्या हवाली केलं होतं. कातडं कमवायचं काम बायकांचं. माळ्यावर गुंडाळून ठेव, म्हणाले, किंगरीचं तोंड फाटंल तवा त्यातला तुकडा काप, जन्माला पुरंल. पहिल्याच पावसात ओल धरली म्हणून हिनं ते खाली काढलं आणि कुत्र्यानं सगळं कातडं ओढून नेलं. "मी पोर व्हते गो. मारतील म्हणून भ्याले. करडाचं लावलं, वर रोवळी दाबली. त्यांनी बोट फिरवलं नं वाजवाया लागलं. मंग काय सांगू? आदी भ्यानं नाय सांगितलं, मंग रोजचंच झालं. माळ्यावर ते कदी चढलं नाय. अजूनबी त्यांना वाटतं, वर घोरपड हाय."

 म्हणजे तो माणूस चाळीस वर्षं मांडवामांडवात खरं बोलत होता. नाक्यावर टेंपोत उभा राहून खरं बोलला होता. थांब्यावर मला म्हणाला, ही माझी नाही, तेही त्याच्या परीनं खरंच होतं. नाटक एकट्या माझ्या डोक्यात चाललं होतं. त्याची गेलेली वस्तू तो दर वर्षी जाऊन मागत होता, एवढंच. कोर्टकचेरीच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही, आमच्याकडे याला आपली वस्तू मागणं म्हणतात. आणि लोक हसत होते. आणि मी त्याच्यावर चिडत होते!

"रोवळी हाय का गो घरात?" चांगीआईनं विचारलं.

माझ्याकडे स्टीलची चाळणी होती. बाजारात जाऊन बुरुडाकडून रोवळी आणली. चांगीआईनं कातडं उतरवलं, भिजवलं, रोवळी पालथी घातली, वर माझा वरवंटा आणि दोन पुस्तकं ठेवली. तिला नीट दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं पाठ होतं. मी सायकलच्या दुकानातून तार आणली. घोड्याचे केस कुठून आणायचे हा प्रश्नच होता. आसनगावला आता रिक्षा आहेत. शेवटी वाशिंदच्या पुढे वरातीला घोडा भाड्यानं देणारा एकजण सापडला. मी त्याला विचारलं, "घोडा आहे ना? घोडी नको." तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आता ही तू कचेरीत नेऊन ठेव," निघताना चांगीआई म्हणाली. "त्यांना तिथनंच मिळू दे. आन बाई, या टायमाला काय बोलू नको. बोलायचंच झालं तं येवढंच इचार, जे समदी इचारतात."

म्हणून परवा, बाबा कचेरीत जाणार होते त्या दिवशी, मी त्या एसटीत होते, खिडकी लावून. किंगरी आणि गज मांडीवर फडक्यात. कचेरी तीच, माठाच्या जागी पाण्याचा प्लास्टिकचा कॅन आहे. कारकून नवा, डोंगरातल्याच एका पाड्यावरून शिकून आलेला पोरगा. मी त्याला सगळं सांगितलं. या वेळी हळू आवाजात. त्यानं ऐकून घेतलं आणि किंगरी कपाटात ठेवली, चांगल्या कोरड्या कप्प्यात, फडक्यासकट.

बाबा दुपारी आले. वाकलेत आता, हातात काठी. पायरीवर उभे राहिले आणि दर वर्षीचं वाक्य बोलले. कारकून उठला, कपाट उघडलं, दोन्ही हातांनी किंगरी पुढे केली. "चुकून आत राहिली होती बाबा. माफ करा," तो म्हणाला. खुर्च्यांवरचं कुणी हसलं नाही.

बाबांनी कातड्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग तिथेच पायरीवर, उन्हात बसले. किंगरीचं तोंड उन्हाकडे केलं, कमरेची तंबाखूची डबी काढली. इतकी वर्षं राळ त्यांच्या कमरेलाच होती. सावकाश गजाला राळ लावली आणि मग नुसते बसून राहिले. समोर बघत, वाट बघत.

 कारकून माझ्याकडे बघत होता. या जागी तो प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं हळूच एक जाडजूड फाईल उघडली आणि त्यात डोकं खुपसलं.

मी पुढे झाले.  "बाबा, कशाचं कातडं?"

त्यांनी मान वर केली. मला ओळखलं. तोंड उघडलं ते उत्तर द्यायला नाही.

"तवा थांब्यावरच येवढं इचारलं असतंस तं," ते म्हणाले, "सोनीच्या लग्नात वाजवली असती."

मग त्यांनी घसा खाकरला आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.